विमान कंपनीने उड्डाण रद्द केले आणि पैसे अडकले : क्रेडिट कार्डावरील चार्जबॅकविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : चार्जबॅक म्हणजे नेमके काय, आणि ती बँकेकडे केलेल्या साध्या तक्रारीपेक्षा वेगळी कशी?

क्रेडिट कार्डाने तिकीट काढले की पैसे थेट विमान कंपनीच्या तिजोरीत जात नाहीत. आपली बँक ते विमान कंपनीच्या बँकेला देते, आणि या दोन्ही बँका व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी ज्या जाळ्यावर कार्ड चालते त्याच्या नियमांनी बांधलेल्या असतात. पैसे घेऊनही ठरलेली सेवा मिळाली नाही, तर आपली बँक ती रक्कम समोरच्या बँकेकडून मागे खेचू शकते, अशी तरतूद या नियमांत आहे. तिलाच चार्जबॅक म्हणतात. त्यासाठी बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर जो अर्ज भरायचा, तो ‘डिस्प्युट’ या नावाने सापडतो.

हा बँकेच्या मेहेरबानीचा विषय नाही, तसेच तो बँकेने विमान कंपनीला दिलेला दमही नाही. हा एक दावा असतो. त्याला कारण लागते, पुरावा लागतो आणि मुदत असते. ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे चार पाने लिहिणाऱ्याचा दावा फेटाळला जातो आणि तीन ओळी व दोन कागद जोडणाऱ्याचा मंजूर होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : उड्डाण रद्द झाले की लगेच चार्जबॅक मागावा का?

नाही. आधी विमान कंपनीकडे परतावा मागावा लागतो, आणि तो मागितल्याचा लेखी पुरावा बँक विचारतेच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार क्रेडिट कार्डाने भरलेल्या पैशांचा परतावा कंपनीने ७ दिवसांत करायला हवा. म्हणून विमान कंपनीला ईमेल करून परतावा मूळ कार्डावरच हवा असे स्पष्ट लिहावे, साधारण पंधरवडा वाट पाहावी आणि तोवर पैसे आले नाहीत तर बँकेकडे जावे. ग्राहक सेवेच्या फोनवर तासभर घालवून काही साधत नाही, कारण त्या संभाषणाचा कागद आपल्या हाती राहत नाही. फोन केलाच, तर त्यानंतर ‘आज आपल्या प्रतिनिधीने असे सांगितले’ एवढा मजकूर लगेच ईमेलने पाठवून ठेवावा.

प्रश्न : उड्डाण कंपनीने रद्द केले की प्रवाशाने, याने एवढा काय फरक पडतो?

सगळाच फरक पडतो. कंपनीने उड्डाण रद्द केले असेल तर ‘पैसे घेतले, सेवा दिली नाही’ हे कारण आपोआप उभे राहते. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ होते हा बचाव तेथे टिकत नाही, कारण ती अट प्रवाशाने बेत बदलला तर लागू होते. याउलट प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केले असेल, तर रद्दीकरणाचे शुल्क कापून जे उरते तेवढेच त्याचे. रद्दीकरणाच्या अटी तिकीट काढताना नीट दाखवल्याच नव्हत्या, असे सिद्ध करता आले तरच तेथे चार्जबॅकला जागा उरते.

म्हणून एक इशारा. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आल्यावर घाईघाईने अ‍ॅप उघडून नेहमीचे ‘कॅन्सल बुकिंग’ बटण दाबू नये. काही ठिकाणी त्या बटणाने नोंद ‘प्रवाशाने रद्द केले’ अशी होते आणि पुढे तीच नोंद आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून येते. कंपनीने संदेशात परताव्यासाठी वेगळा दुवा दिलेला असतो, त्याच दुव्यावरून जावे. सकाळी घाट ओलांडताना गाडी अडकली आणि विमान चुकले, तर तो ‘नो-शो’. त्यासाठी डिस्प्युट करणे व्यर्थ आहे.

अर्थात, स्वतः रद्द केलेल्या किंवा चुकलेल्या तिकिटावरही सरकारी कर, वापरकर्ता विकास शुल्क आणि प्रवासी सेवा शुल्क परत देणे कंपनीवर बंधनकारक आहे, मग मूळ भाडे नॉन-रिफंडेबल का असेना. पुष्कळांना हे ठाऊक नसते. मात्र ही रक्कम चार्जबॅकने वसूल करणे अवघड जाते. त्यासाठी थेट कंपनीकडे आणि नंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर मागणी करणे अधिक फलदायी ठरते.

प्रश्न : कंपनीने पैशांऐवजी ‘क्रेडिट शेल’ किंवा व्हाउचर दिले आहे. आता काय?

क्रेडिट शेल म्हणजे पुढच्या तिकिटासाठी वापरता यावी म्हणून कंपनीने आपल्याकडेच राखून ठेवलेली रक्कम. ते स्वीकारले आहे का, यावर उत्तर अवलंबून आहे. परतावा क्रेडिट शेलमध्ये ठेवायचा की नाही हा पर्याय प्रवाशाचा आहे, तो कंपनीने परस्पर निवडायचा नाही, असे डीजीसीएच्या नियमांत स्पष्ट आहे. पण व्हाउचर आल्यावर आपण गप्प बसलो, किंवा त्यातले हजार-दोन हजार वापरले, तर आपण ते मान्य केले असा अर्थ काढला जातो आणि चार्जबॅकचा पाया खचतो.

आमच्या घरचेच उदाहरण सांगतो. नागपूरहून पुण्याला येणारे रात्रीचे उड्डाण रद्द झाले. दुसऱ्या दिवशी कंपनीचा ईमेल आला, त्यात वर मोठ्या अक्षरांत दिलगिरी आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘आपली रक्कम ट्रॅव्हल क्रेडिट म्हणून जमा केली आहे’ असे वाक्य होते. आम्ही ते वाचले, चरफडलो आणि उत्तर दिले नाही. महिन्याने डिस्प्युट केला, तेव्हा बँकेने कंपनीचे उत्तर पुढे केले : परतावा दिलेला आहे, ग्राहकाने हरकत घेतलेली नाही. शब्दशः ते खरेच होते. मग डीजीसीएच्या नियमाचा उल्लेख करून ‘हे क्रेडिट आम्ही मागितलेले नाही, वापरलेले नाही आणि आम्हाला ते मान्य नाही’ असे पत्र कंपनीला पाठवले, शेलमधील रक्कम जशीच्या तशी असल्याचे चित्र जोडले आणि बँकेकडे प्रकरण पुन्हा उघडायला लावले. पैसे मिळाले, पण जे काम महिन्यात व्हायचे त्याला चार महिने लागले. नकार त्याच दिवशी लेखी कळवला असता तर हा फेरा वाचला असता.

प्रश्न : कोव्हिडच्या काळात तर क्रेडिट शेल सर्रास दिली गेली. ती कायदेशीर नव्हती का?

ती खास परिस्थिती होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रवासी लीगल सेल’ या संस्थेच्या याचिकेवर जो निकाल दिला, त्यात आर्थिक अडचणीतील विमान कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असे क्रेडिट शेल देण्याची मुभा होती आणि त्यावर दरमहा ठरावीक वाढही द्यायची होती. ती मुभा टाळेबंदीमुळे रद्द झालेल्या प्रवासापुरती होती. आजच्या रद्द उड्डाणाला तो दाखला लागू होत नाही, आणि कोणी तो दिला तर लेखी द्यायला सांगावे.

प्रश्न : डिस्प्युटसाठी मुदत किती असते?

व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत न मिळालेल्या सेवेसाठी सर्वसाधारण मुदत १२० दिवसांची आहे, आणि ती तिकीट काढल्याच्या दिवसापासून नव्हे, तर सेवा मिळायला हवी होती त्या दिवसापासून मोजली जाते. मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांची कमाल मर्यादा मात्र असते. समजा, तिकीट १० जानेवारीला काढले आणि प्रवास २० मे रोजी होता, तर १२० दिवस १७ सप्टेंबरला भरतात. पण उड्डाण रद्द झाल्याचे कंपनीने मार्चमध्येच कळवले असेल, तर मुदत त्या कळवण्याच्या दिवसापासून धरली जाऊ शकते, म्हणून हिशेब नेहमी आधीच्या तारखेपासून करावा. शिवाय अनेक बँकांच्या स्वतःच्या अटींत स्टेटमेंटनंतर ३० किंवा ६० दिवसांत कळवा असे लिहिलेले असते. ग्राहक सेवेतील व्यक्तीने ‘मुदत संपली’ असे ठामपणे सांगितले, तर कोणत्या नियमाची मुदत आणि कोणत्या तारखेपासून, हे लेखी विचारावे. बरेचदा व्यवहाराच्या तारखेपासून मोजून उत्तर दिलेले असते आणि वरच्या अधिकाऱ्याकडे गेल्यावर ते बदलते.

रुपे कार्डाचे नियम हे जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयचे आहेत आणि त्यांतील मुदती वेगळ्या असतात. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे भरले असतील, तर तक्रारीची सुरुवात यूपीआय अ‍ॅपमधून करावी लागते.

प्रश्न : अर्जासोबत कोणते कागद जोडावेत?

पीएनआर असलेले ई-तिकीट, उड्डाण रद्द झाल्याचा कंपनीचा संदेश किंवा ईमेल, परतावा मागितल्याचा आपला ईमेल, त्यावर आलेले उत्तर (उत्तर आले नसेल तर तसे नमूद करावे) आणि स्टेटमेंटचे ते पान. रद्द झाल्याचा संदेश आलाच नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर उड्डाणाच्या स्थितीचे पान उघडून त्याच दिवशी चित्र काढून ठेवावे, कारण अशी पाने दोन-चार दिवसांत दिसेनाशी होतात. चित्रात उड्डाण क्रमांक, तारीख आणि फोनवरची वेळ दिसायला हवी.

मजकूर कसा असावा, त्याचा नमुना देतो. बँकांचे अर्ज इंग्रजीत असतात, त्यामुळे हाच आशय इंग्रजीत लिहावा : ‘अमुक तारखेला अमुक रकमेचे तिकीट काढले. अमुक तारखेचे उड्डाण विमान कंपनीने रद्द केले. पर्यायी उड्डाण किंवा क्रेडिट शेल मी स्वीकारलेले नाही. अमुक तारखेला लेखी परतावा मागितला, आजतागायत मिळालेला नाही. सेवा न मिळाल्याच्या कारणाखाली संपूर्ण रकमेचा डिस्प्युट नोंदवावा.’ एवढे पुरे. आजीच्या पंच्याहत्तरीला पोहोचता आले नाही याचे दुःख खरे असते, पण प्रकरण तपासणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो.

प्रश्न : बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ हा पर्याय सर्वांत वर दिसतो. तोच निवडला तर चालेल का?

अजिबात नाही. तो पर्याय फसवणुकीसाठी आहे. तिकीट आपणच ओटीपी टाकून काढले आहे, त्यामुळे असा दावा खोटा ठरतो, कार्ड बंद होते, नवे येईपर्यंत सगळे मासिक हप्ते अडखळतात आणि खरा दावाही संशयाच्या भोवऱ्यात सापडतो. दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती रक्कम जमा करण्याचा रिझर्व्ह बँकेचा जो नियम लोक एकमेकांना पाठवत असतात, तोही अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. रद्द उड्डाणाच्या डिस्प्युटमध्ये बँक तात्पुरते क्रेडिट देईलही, पण ते निकाल विरुद्ध गेल्यास परत काढून घेतले जाते, तेव्हा ते खर्चून बसू नये.

प्रश्न : प्रकरण चालू असताना ती रक्कम बिलातून वगळून भरली तर?

बँकेने लेखी सांगितले नसेल तर पूर्ण बिल भरावे. नाही तर थकीत रकमेवर व्याज चढते, विलंब शुल्क लागते आणि पतगुणांकावर डाग पडतो. वादग्रस्त रकमेवर शुल्क न लावण्याची रिझर्व्ह बँकेची सक्त तरतूद फसवणुकीच्या तक्रारींपुरती आहे. आठ हजारांच्या तिकिटासाठी गृहकर्जाचा दर बिघडवून घेण्यात शहाणपण नाही.

याच संदर्भात आणखी एक. बिल भरून झाल्यावर परतावा आला, तर बँक तो परस्पर कार्डाच्या मर्यादेत जिरवू शकत नाही. रक्कम कार्डमर्यादेच्या १ टक्का किंवा ५,००० रुपये यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक असेल, तर बँकेने ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यायची असते, आणि संमती नसेल तर पैसे बँक खात्यात जमा करायचे असतात.

प्रश्न : तिकीट ऑनलाइन एजंटाकडून काढले होते. विमान कंपनी एजंटाकडे बोट दाखवते, एजंट कंपनीकडे. डिस्प्युट कोणाविरुद्ध करायचा?

ही टोलवाटोलवी सर्वांत जास्त छळते, आणि तिचे उत्तर स्टेटमेंटमध्ये असते. स्टेटमेंटवर ज्याचे नाव आहे, डिस्प्युट त्याच्याविरुद्ध होतो. पैसे एजंटाच्या नावावर गेले असतील तर चार्जबॅक एजंटाच्या बँकेवर जातो, मग त्याने ते पुढे कंपनीला दिले असोत वा नसोत. कधी कधी एकाच तिकिटाच्या दोन नोंदी दिसतात : भाडे विमान कंपनीच्या नावावर आणि सुविधा शुल्क एजंटाच्या नावावर. तेव्हा भाड्याचा डिस्प्युट कंपनीविरुद्ध करावा. सुविधा शुल्क बहुतेक अटींत अपरतावा असते, त्यासाठी वेळ घालवावा की नाही हे आपले आपण ठरवावे.

डीजीसीएच्या नियमांत एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट हे तिचेच नेमलेले प्रतिनिधी आहेत. म्हणून परताव्याच्या मागणीचा ईमेल दोघांनाही एकत्रच पाठवावा. पैसे एजंटाकडे येऊन पडून राहण्याचे प्रकारही घडले आहेत. टाळेबंदीतील परतावे वर्षानुवर्षे न दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये यात्रा या प्रवास संकेतस्थळाला ते चुकते करण्याचा आदेश दिला होता.

गल्लीतल्या एजंटाला रोख किंवा यूपीआयने पैसे दिले आणि त्याने स्वतःच्या कार्डाने तिकीट काढले, तर चार्जबॅकचा हक्क कार्ड ज्याचे त्याचा. आपल्या हाती फक्त त्या एजंटाची पावती उरते. मित्राच्या कार्डावरची सवलत मिळावी म्हणून त्याच्याकडून तिकीट काढून घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : ‘परतावा आम्ही पाठवला आहे, बँकेला विचारा’ असे कंपनी सांगते आणि बँक ‘काही आले नाही’ म्हणते. कोण खरे?

कंपनीकडे एआरएन मागावा. कार्डावर पाठवलेल्या प्रत्येक परताव्याला हा २३ अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून आपल्या बँकेला पैशांचा माग काढता येतो. परतावा खरोखर निघाला असेल तर कंपनीला तो देता येतो. तो देताना चालढकल होऊ लागली की काय समजायचे ते समजावे, आणि ‘परतावा मान्य केला पण जमा केला नाही’ या कारणाखाली डिस्प्युट नोंदवावा. कंपनीचा तो ‘पाठवला आहे’ म्हणणारा ईमेलच येथे सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

प्रश्न : हॉटेलचा खर्च, दुसऱ्या विमानाचे महागडे तिकीट आणि नुकसानभरपाई चार्जबॅकमध्ये मागता येईल का?

नाही. चार्जबॅकने फक्त त्या व्यवहाराचे पैसे परत येतात. भरपाई हा निराळा हक्क आहे. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले, तर डीजीसीएच्या नियमांनुसार प्रवासाच्या कालावधीप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते द्यावे लागते. हवामान किंवा तत्सम असाधारण कारण असेल तर भरपाई नाही, परतावा मात्र तरीही द्यावाच लागतो. ही भरपाई कंपनीकडे, नंतर एअरसेवावर आणि शेवटी ग्राहक आयोगात मागायची.

कंपनीने दिलेले पर्यायी उड्डाण स्वीकारून प्रवास केला असेल, तर मूळ तिकिटाचा डिस्प्युट करू नये. सेवा मिळालेली आहे. परतीच्या तिकिटातील एकच बाजू रद्द झाली असेल, तर तेवढ्याच बाजूच्या भाड्याचा डिस्प्युट करावा आणि कंपनीकडून भाड्याची फोड मागून घ्यावी, कारण बँक अंदाजे निम्मी रक्कम धरत नाही.

प्रश्न : विमान कंपनीच बंद पडली तर?

चार्जबॅकचे खरे मोल तेव्हा कळते. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजने शेवटचे उड्डाण केले आणि ३ मे २०२३ पासून गो फर्स्टची विमाने जमिनीवर आली. दोन्ही कंपन्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या आणि पुढे दोघींच्याही अवसायनाचे, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचे, आदेश निघाले. अशा प्रक्रियेत कंपनीवरील वसुलीला स्थगिती असते आणि प्रवासी हा कर्ज देणाऱ्या बँका, कर्मचारी व इतरांच्या रांगेत फार मागे उभा असतो. पण चार्जबॅक कंपनीच्या मालमत्तेवर नव्हे, तर तिच्यासाठी कार्डाचे पैसे स्वीकारणाऱ्या बँकेवर जातो, आणि कंपनी देऊ शकली नाही तर भार त्या बँकेला सोसावा लागतो. म्हणूनच रोखीने किंवा नेट बँकिंगने तिकीट काढलेला प्रवासी आणि कार्डाने काढलेला प्रवासी एकाच विमानाची वाट पाहत असले, तरी त्यांचे नशीब वेगळे असते. अशा वेळी कंपनीकडून उत्तराची वाट पाहू नये, उड्डाणे थांबल्याची बातमी जोडून अर्ज करावा.

कंपनी सुरू असताना मोठा गोंधळ झाला, तर आधी सरकारी आदेश पाहावा. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजेपर्यंत प्रलंबित परतावे चुकते करण्याचे निर्देश दिले होते. असा आदेश असताना डिस्प्युटपेक्षा परतावा लवकर येतो. दोन्हीकडून पैसे आले, तर एकीकडचे परत जाणारच, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : परदेशी विमान कंपनी असेल तर?

डीजीसीएचा नियम परदेशी कंपन्यांना त्यांच्या मायदेशातील नियमांप्रमाणे परतावा देण्याची मोकळीक देतो. त्यामुळे भारतातून भांडताना हात तोकडे पडतात, पण कार्ड जाळ्याचे नियम सर्व देशांत लागू असल्याने चार्जबॅक येथे उलट अधिक उपयोगी पडतो. परकीय चलनातील व्यवहारात विनिमय दरातील फरक आणि बँकेचे मार्कअप शुल्क यांमुळे काही रक्कम मात्र हातातून सुटते.

परदेशात राहणाऱ्या आणि तिथल्या कार्डाने मुंबई किंवा पुण्याची तिकिटे काढणाऱ्यांना त्या देशाचा कायदा लागू होतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीसाठी कार्ड देणारी संस्था विक्रेत्याइतकीच जबाबदार असते, आणि हा हक्क चार्जबॅकपेक्षा भक्कम आहे. अमेरिकेत बिलाविषयीची हरकत पहिल्या स्टेटमेंटपासून ६० दिवसांत लेखी घ्यावी लागते, आणि अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या उड्डाणांचे कार्डावरील परतावे कामकाजाच्या ७ दिवसांत द्यायचे असतात.

प्रश्न : बँकेने डिस्प्युट फेटाळला. पुढे काय?

प्रथम विमान कंपनीने बँकेला पाठवलेले उत्तर आणि कागद मागावेत. बिलाविषयी हरकत घेतल्यावर ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि लागू असेल तेथे कागदोपत्री पुरावा देणे रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्या संस्थांना बंधनकारक केले आहे. ते उत्तर वाचल्यावर बहुधा खुसपट सापडते : भलत्याच पीएनआरची नोंद, न मागितलेले व्हाउचर, किंवा ‘तिकीट नॉन-रिफंडेबल’ एवढाच शेरा. त्याचे मुद्देसूद खंडन करून प्रकरण पुढच्या टप्प्यावर, म्हणजे प्री-आर्बिट्रेशनला (कार्ड जाळ्याच्या लवादाआधीच्या टप्प्याला) नेण्याची मागणी करावी. यासाठी मिळणारे दिवस थोडे असतात, म्हणून नकाराचा ईमेल आला की त्याच आठवड्यात उत्तर द्यावे.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर विनामूल्य तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. येथे तक्रार बँकेच्या वागणुकीविरुद्ध लिहायची. विमान कंपनीचे गाऱ्हाणे लोकपालासमोर मांडले तर ते अधिकारक्षेत्राबाहेर म्हणून बंद होते.

विमान कंपनीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला आहे म्हणून तिकडे जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. चार्जबॅक फेटाळला गेला याचा अर्थ दावा खोटा ठरला असा होत नाही, आयोग प्रकरण नव्याने तपासतो. तक्रार लिहिताना मार्गदर्शन हवे असेल, तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांची मदत घेता येते.

प्रश्न : तिकीट ईएमआयवर घेतले होते. परतावा आल्यावर हप्ते आपोआप थांबतात का?

बहुधा नाही. परतावा कार्डावर एकरकमी जमा होतो आणि हप्ते आपल्या चालीने सुरूच राहतात. बँकेला लेखी कळवून ईएमआय रद्द करून घ्यावा लागतो, आणि प्रक्रिया शुल्क व तोवर कापलेले व्याज परत मिळेलच असे नाही. पुढच्या स्टेटमेंटमध्ये हप्त्याची ओळ दिसते का, हे तपासूनच प्रकरण मिटले असे समजावे.